नाशिकच्या मरळीसाठी सॉफ्ट प्लास्टिक: कोणतं घ्यावं आणि हुकात कसं ओवावं

दुकानात सॉफ्ट प्लास्टिकचं, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या नकली आमिषांचं, पाकीट उचलताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी आपलं पाणी आठवा. तिथे जलपर्णी आहे, बुडालेल्या बाभळी आहेत की नुसता काळा खडक? यावरून हुक कसा ओवायचा ते ठरतं, त्यावरून वजन आणि आकार ठरतो. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी येते.

ही आमिषं मुळात बाससाठी तयार झाली. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ व्हिनाइलचं गांडूळ ओतलं आणि तिथून हा प्रकार पसरला. पुढे टेक्सासच्या झाडाझुडपांनी भरलेल्या तलावांत हुकाचं टोक आमिषातच लपवायची रीत रुळली, तीच टेक्सास रिग. आपल्याकडे गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा या धरणांच्या फुगवट्यात बास नाही, पण मरळ आहे. बाससारखीच तीही आडोशाला दबा धरून बसते, समोरून काही गेलं की एकदम झडप घालते आणि लगेच गवतात शिरते. म्हणून बासवाल्यांची ही पद्धत मरळीला चांगली लागू पडते. फरक एवढाच की मरळीचा जबडा जास्त हाडाचा, दातही धारदार. तेवढा बदल साहित्यात करावा लागतो.

गळ टाकण्याआधी

जिल्ह्यातल्या बऱ्याच जलाशयांचे मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात. काठावर जाळं आवरत बसलेल्या माणसाला आधी रामराम करा आणि इथे गळ टाकला तर चालेल का, कोणाला विचारायचं, ते विचारून घ्या. त्यांच्या जाळ्यांचे फ्लोट दिसतील तिकडे कास्ट करायचा, म्हणजे गळ फेकायचा, नाही. धरणाच्या भिंतीजवळच्या पाट्या वाचायच्या आणि पाळायच्या. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा, रॉड घरी ठेवा.

पावसाळ्यात गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला की गोदावरी बघता बघता चढते. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर अख्खं गाव पुराचा अंदाज घेतं. अशा दिवसांत नदीकाठी गळ घेऊन उभं राहू नये.

पावसाळ्यातलीच आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. उथळ पाण्यात, गवताच्या कडेला केशरी-लाल पिल्लांचा थवा वर-खाली होताना दिसला तर ती मरळीची पिल्लं. आईबाप खाली राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात, त्यामुळे तेव्हा त्यांना पकडणं अगदी सोपं. तरीही तिथे गळ टाकू नका. राखणारे गेले की पिल्लं उघड्यावर पडतात आणि बाकीचे मासे त्यांचा फडशा पाडतात.

पाणी बघून आमिष

पाकिटांवर शंभर नावं असली तरी नाशिककराला सुरुवातीला चार प्रकार पुरेत.

पहिला बेडूक. पाण्यावर जलपर्णी, कमळाची पानं किंवा दाट गवत असेल तर दुसरा विचार करायचा नाही. ओढताना ज्याचे पाय फडफडतात असा भरीव मऊ बेडूक किंवा आतून पोकळ, दोन हुकांचा तयार बेडूक घ्या. मरळ हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर येते. पानांच्या मोकळ्या फटीत गुळुक आवाज होऊन वर्तुळ उमटलं की त्या फटीच्या चार-पाच फूट पलीकडे बेडूक टाकायचा आणि पानांवरून सरकवत फटीत आणायचा. थेट डोक्यावर टाकला तर मरळ बुजते.

दुसरा गांडूळ किंवा जाड काडी, म्हणजे ४ ते ६ इंचांचं वर्म किंवा स्टिकबेट. बुडालेल्या बाभळी, खुंट, गवताच्या कडा यांच्यासाठी. यातल्या काही काड्यांत मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे वजन न लावताही त्या हळूहळू बुडतात.

तिसरी पंख्यासारख्या शेपटीची मासळी, पॅडल टेल. ३ ते ४ इंचांची. मोकळं पाणी आणि खडकाळ काठ असेल तिथे हिच्याने कमी वेळात बरंच पाणी चाळून होतं.

चौथा खेकड्याच्या नांग्या असलेला क्रॉ. तळाला दगडगोटे असतील तिथे ठीक, पण नवख्याने याच्यावर पैसे नंतर घालावेत.

रंगाचं एवढंच लक्षात ठेवा: पाणी निवळ असेल तर हिरवट-तपकिरी, शेवाळी असे नैसर्गिक रंग. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तांबडं गढूळ झालं की काळा किंवा काळा-निळा, कारण गढुळात रंगापेक्षा ठळक सावली दिसते. दोन्ही वेळेला चालणारा एकच घ्यायचा असेल तर मी काळा घेईन.

हुक, शिसं, दोरा

मऊ आमिषासाठी मानेला दुहेरी वाक असलेला ऑफसेट हुक लागतो. जाड आमिषाला पोट रुंद असलेला, ज्याला ईडब्ल्यूजी म्हणतात, तो बरा, म्हणजे मासा चावला की प्लास्टिक खाली दबायला जागा राहते. ४ इंचांच्या आमिषाला २/० किंवा ३/० नंबरचा (पहिला आकडा मोठा तसा हुक मोठा), ५ इंचांच्याला ३/० ते ४/०, ७ इंचांच्या गांडुळाला ४/० ते ५/०. भरीव बेडकाला पोटावर वजन असलेला ४/० किंवा ५/०. मरळीसाठी तार जाड असलेलाच घ्या, बारीक तारेचा हुक तिच्या जबड्यावर उघडतो. नखावर टोक हलकेच टेकवून बघायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानशीने दोन हात मारा किंवा हुक बदला.

वजन म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, मधून भोक असलेलं शिसं. ३ ते ७ ग्रॅम भरपूर झालं. टंगस्टन हा धातू शिशाहून बराच घन असतो, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लहान होते आणि तळाचा दगड, चिखल, लाकूड हातात जास्त स्पष्ट कळतं. तो महाग आहे आणि आपल्या खडकांत गोळी अडकून तुटली की जीव हळहळतो, म्हणून सुरुवात शिशानेच करा.

दोरा ३० पाउंड ताण सोसणारा ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आणि त्याच्या पुढे हुकाच्या बाजूला दीड-दोन फूट ३० ते ४० पाउंडांचा लीडर, म्हणजे जोडदोरा. नुसत्या बारीक तंगुसावर मरळ गवतातून ओढता येत नाही. रॉड मीडियम हेवी, म्हणजे मध्यमाहून थोडा ताठ.

टेक्सास रिग, एकेक पायरी

घरी टेबलावर, दिवसाउजेडी, निवांत बसून करा. काठावर वाऱ्यात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

१. गोळीचं निमुळतं टोक रॉडकडे ठेवून दोरा तिच्यातून ओवा. मग हुक बांधा. पालोमार गाठ सोपी आणि भक्कम: दोरा दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा हुक पार करा, थुंकी लावून हळू आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने दोरा कमजोर होतो.

२. गांडुळाच्या डोक्याच्या बरोबर मधोमध हुकाचं टोक खुपसा. अर्धा सेंटीमीटरभर आत गेलं की बाजूने बाहेर काढा.

३. हुक त्या भोकातून पुढे ओढत न्या. मानेचा वाक डोक्याजवळ आला की हुक अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे वळेल. डोळा डोक्यात जेमतेम लपेल इतकाच आत ओढा.

४. आता घाई नको. हुक गांडुळाच्या बाजूला नुसता लटकू द्या आणि हुकाचा खालचा वाक अंगाला कुठे टेकतो ते बघा. तिथे नखाने खूण करा.

५. खुणेच्या जागी गांडूळ किंचित वर दुमडून हुक सरळ आरपार काढा. मग टोक बाहेरच्या कातडीत केसभर रुतवून ठेवा, म्हणजे गवत अडकणार नाही आणि झटका बसताच टोक मोकळं होईल.

६. डोळ्यांसमोर धरून बघा. गांडूळ बाणासारखं सरळ हवं. मध्ये फुगलंय, कमान झालीय, पीळ पडलाय, तर काढा आणि पुन्हा ओवा.

ही सहावी पायरी लोक सोडून देतात आणि मग मासा घेत नाही म्हणून रंग बदलत बसतात. वाकडं ओवलेलं प्लास्टिक ओढताना पाण्यात गरगर फिरतं, दोऱ्याला पीळ पाडतं, आणि असं फिरणारं गांडूळ मासा फारसं घेत नाही. रंग चुकला तरी मासा लागू शकतो. पीळ पडलेल्या आमिषाचं मात्र काही खरं नाही.

बादलीत किंवा टाकीत बुडवून बघितलं की फरक लगेच कळतो: सरळ ओवलेलं आमिष डोकं खाली करून शांत उतरतं, शेपूट तेवढी हलत राहते.

बेडूक ओवायची रीतही हीच, फक्त गोळी लावायची नाही आणि हुक पोटातून पाठीकडे बाहेर येतो. बेडकाचे दोन्ही पाय सारखे सुटे आहेत ना ते बघा. नव्या बेडकाचे पाय कधी कधी एकमेकांना चिकटलेले असतात.

मोकळ्या खडकाळ काठासाठी आणखी एक सोपी पद्धत आहे, वॅकी. काडीच्या मधोमध रबरी रिंग चढवायची आणि त्या रिंगेखालून लहान हुक आडवा घालायचा. वजन नाही. बुडताना काडीची दोन्ही टोकं थरथरतात. गवतात मात्र ती अडकते. रिंग न लावता काडीलाच हुक टोचला तर दोन-चार कास्टमध्ये काडी तुटून जाते.

सराव आणि हालचाल

कास्टचा सराव करायला द्राक्षबागेतलं शेततळं बरं वाटतं, पण त्याच्या तळाला प्लास्टिकचा कागद असतो. एक हुक रुतला तरी कागद फाटतो आणि शेतकऱ्याचं उन्हाळ्याचं पाणी गळून जातं. मालकाने हो म्हटलं तरी तिथे हुक लावू नका. नुसती शिशाची गोळी बांधून मोकळ्या रानात सराव करा, जमिनीवर टोपली ठेवून तिच्यात टाकायला शिका.

पाण्यात टेक्सास रिग टाकली की दोरा किंचित सैल ठेवून तिला तळापर्यंत जाऊ द्या. बऱ्याचदा मासा बुडतानाच घेतो, म्हणून डोळे दोऱ्यावर हवेत. दोरा बाजूला सरकला, टिचकी मारल्यासारखा उडाला, किंवा तळ यायच्या आधीच थांबला, तर मासा आहे. नसेल तर रॉडचं टोक हळूच फूटभर उचला, परत खाली टेकवा, सैल दोरा गुंडाळा, थांबा. थांबणं सगळ्यांना जड जातं. थंडीत निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत पाणीही गार असतं, मरळ सुस्त असते. तेव्हा दुपारच्या उन्हात जा आणि प्रत्येक थांबा दुप्पट करा. एप्रिल-मेमध्ये उलट, पहाटे आणि सांजेला.

मासा लागला की आधी सैल दोरा ओढून घ्या, वजन हाताला जाणवू द्या, मग जोरात झटका. बेडकाच्या बाबतीत तर पाणी उसळलं की हात आपोआप उडतो, आणि बेडूक तोंडातून निसटतो. बेडूक दिसेनासा होऊन दोरा ताणला जाईपर्यंत धीर धरा. पहिली झडप चुकली तर बेडूक तिथेच हलता ठेवा, मरळ बऱ्याचदा परत येते. लागल्यावर रॉड उंच ठेवून तिला गवतात शिरू न देता ओढायचं. सोडायची असेल तर हात ओले करूनच धरा, हुक लांब चोचीच्या पकडीने काढा, तोंडात बोट घालू नका.

मे महिन्यात धरणं खाली गेली की एक काम जरूर करा. फुगवट्याच्या काठाने चालत जा. एरवी पाण्याखाली असणारे बाभळीचे खुंट, जुने बांध, ओढ्याची खोलगट वाट, खडकाची पायरी, सगळं उघडं पडलेलं असतं. फोनवर फोटो काढा, काठावरच्या एखाद्या झाडाची किंवा टेकडीची खूण धरा. ऑक्टोबरात पाणी भरलेलं असताना मरळ कुठे बसली असेल हे या फोटोंतून कळतं, आणि तिथे बेडूक चालेल की टेक्सास रिग हेही घरूनच ठरवता येतं.

जपणूक

आमिषं ज्या पाकिटात आली त्यातच ठेवा. वेगवेगळे रंग एकत्र टाकले तर एकमेकांत उतरतात. टीपीई नावाचं ताणणारं रबरी प्लास्टिक नेहमीच्या पीव्हीसी आमिषाला लागून राहिलं तर दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो. काही साध्या प्लास्टिकच्या डब्याही अशाच वितळतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पाकीट विसरू नका.

डब्यात दुमडून वाकडं झालेलं गांडूळ फेकायचं नाही. चिमट्याने धरून काही सेकंद कढत पाण्यात बुडवा, सपाट ताटलीत सरळ ठेवा, वरून गार पाणी ओता. पहिल्यासारखं होतं. डोकं फाटलेल्या काडीचा फाटका तुकडा कापून टाका, उरलेली अडीच-तीन इंचांची काडी ३ ग्रॅमच्या छोट्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या हुकावर, लावून खडकाळ काठावर वापरता येते. अगदीच कामातून गेलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. हे प्लास्टिक पाण्यात कुजत नाही, माशाने गिळलं तर पोटात फुगून अडकतं, आणि गंगापूरचं तेच पाणी नाशिककरांच्या नळाला येतं.