काउबॉय म्युझिकल बसवताना आधी कोरस उभा करा

हौशी संस्थेने म्युझिकल करायचं ठरवलं की पहिली चर्चा रंगते ती नायक-नायिका कोण करणार यावर. वेस्टर्न म्युझिकलमध्ये, म्हणजे कुरणं, काउबॉय, दारूचा गुत्ता आणि नुकती वसलेली वस्ती असलेल्या संगीतनाट्यात, तो प्रश्न थोडा मागे ठेवा. तिथलं मुख्य पात्र ती वस्तीच असते आणि वस्ती म्हणजे कोरस, एकत्र गाणारी-नाचणारी मंडळी. मी कोरसच्या तालमी घेते. कोरस पक्का असेल तर मध्यम आवाजाचा नायकही प्रेक्षकांना आवडून जातो. कोरस कच्चा असेल तर उत्तम नायकही एकटा पडतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पण सगळ्यात आधी प्रयोगाचे हक्क. तिकीट लावणार नसलात तरी जाहीर प्रयोगाला सहसा परवानगी लागते. कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स, म्युझिक थिएटर इंटरनॅशनल अशा संस्थांकडे हे हक्क असतात. अर्ज करतानाच भाषांतर करायचं आहे का, एखादं कडवं गाळायचं आहे का, गाण्याची पट्टी बदलायची आहे का, हे विचारून घ्या. यातलं काहीही परस्पर करता येत नाही. मूळ प्रयोगातली नृत्यंही हक्कांबरोबर आपोआप मिळत नाहीत. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’मधली अ‍ॅग्नेस डी मिल यांची नृत्यरचना गाजली, पण म्हणून व्हिडिओ बघून ती जशीच्या तशी उचलायची नाही. तुमच्या मुलामुलींच्या पायांना झेपेल अशी स्वतःची रचना करा.

संहिता निवडताना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं चित्रण नीट वाचा. जुन्या वेस्टर्न नाटकांत त्यांना हसण्यावारी नेलेलं असतं, आणि आज ते रंगमंचावर पाहवत नाही. १९४६ च्या ‘अ‍ॅनी गेट युअर गन’ची संहिता १९९९ मध्ये याच कारणाने नव्याने बेतली गेली. अशी सुधारित आवृत्ती उपलब्ध असेल तर तीच मागा.

आता निवड. एकेकाला बोलावून गाणं ऐकलं तर आवाज कळतो, कोरसची लायकी कळत नाही. मी तिघांना एकत्र उभं करते. डावीकडचा आणि उजवीकडचा मूळ चाल गातात, मधल्याला त्याच ओळीची खालची सुरावट शिकवलेली असते. पियानो मध्येच थांबवते. दोन्ही कानांत दुसरी चाल घुमत असताना जो आपली ओळ सोडत नाही, तो कोरसचा खांब. अशी चार-पाच माणसं मिळाली की बाकीचे त्यांच्या आधाराने उभे राहतात. एकाच सुरात गायची सवय असलेले गुणी गायक इथे सुरुवातीला हमखास वाहून जातात. त्यांना नाकारू नका, खांबाशेजारी उभं करा.

तालमीचा क्रम ठरलेला ठेवा: बसून गाणं, मग उभं राहून, मग दालनात भरभर चालत गाणं, आणि मग नाच. नाच आणि गाणं एकाच दिवशी शिकवायला घेतलंत तर दोन्ही अर्धवट राहतात. प्रत्येक सुरावटीचं वेगळं रेकॉर्डिंग कोरसच्या फोनवर द्यायचं असेल तर तेही परवान्यात बसतं का ते आधी पाहा.

खरी मेहनत श्वासावर. लांबलेल्या सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की वस्तीच क्षणभर गप्प होते. म्हणून शेजारी-शेजारी उभ्या असणाऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दानंतर श्वास घ्यायचा. कोणी कुठे घ्यायचा ते पहिल्याच आठवड्यात पेन्सिलीने आपापल्या प्रतीवर लिहून ठेवायचं. जोडीदाराला उचलायचं असेल तर उचलणाऱ्याचा सूर त्या मात्रेला तुटणारच; त्याची ओळ मागे स्थिर उभ्या असलेल्याकडे सोपवा. नृत्यदिग्दर्शकाबरोबर बसून हे मात्रेमात्रेने ठरवावं लागतं आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. ती द्यावी.

कोरसमधल्या प्रत्येकाला धंदा द्या. लोहार, पोस्टमन, खानावळवाली, जमिनीच्या तुकड्यासाठी आलेलं नवं जोडपं. कोणाचं कोणाशी पटत नाही तेही ठरवा. मग गर्दीच्या प्रवेशात हात कुठे ठेवू असा प्रश्न उरत नाही.

संवादाखाली वाजणाऱ्या संगीतात एक जागा असते, तिला व्हॅम्प म्हणतात. दोन-चार मात्रांचा तुकडा, संवाद संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायचा. नट वाक्य संपवतो, कंडक्टर, म्हणजे वादकांना हाताने इशारे देणारा, खूण करतो, गाणं सुरू होतं. नटाने हे पहिल्यापासून वाद्यासोबतच घोटायला हवं. नाहीतर संगीत सुरू झालं की तो घाईने बोलू लागतो आणि विनोदाचे नेमके शब्द प्रेक्षकांना ऐकूच येत नाहीत.

वेशभूषेत टोपी सगळ्यात जास्त छळते. रुंद कडेची काउबॉय टोपी वरच्या दिव्याखाली आली की डोळ्यांवर सावली पडते आणि भाव दिसत नाहीत. पुढची कड थोडी वर वळवा, टोपी कपाळावरून दोन बोटं मागे सरकवा, आणि प्रकाशयोजनाकाराला समोरून खालच्या कोनातून थोडा प्रकाश मागा. माइक कपाळाशी लावलात तर टोपी त्यावर घासते आणि खरखर थेट स्पीकरमधून येते. तो गालावर, कानापुढे चिकटवा. बूटही नाच सुरू होतो त्या दिवसापासून पायात हवेत. उंच टाचेने तोल पुढे जातो, गिरकीचा अंदाज बदलतो. लाकडी फळ्यांवर टाचांचा आवाज गाण्यावर चढत असेल तर तळाला पातळ रबर लावून घ्या.

बंदुकीबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसातूनही नळीतून तापलेला वायू जोराने बाहेर पडतो आणि जवळच्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. न झडणारं खोटं पिस्तूल वापरा आणि आवाज ध्वनी सांभाळणाऱ्याकडून घ्या. त्याने नटाच्या हाताच्या झटक्यावर नजर ठेवायची. पिस्तूल कुलुपात राहील, एकच माणूस ते देईल आणि परत घेईल, आणि नट कधीही समोरच्याच्या अंगावर थेट नेम धरणार नाही.

वादक शेवटच्या टप्प्यात येणार असतील तर एक संध्याकाळ फक्त गायक आणि वादकांची ठेवा, सगळे खुर्च्यांवर, हालचाल शून्य. याला ‘झिट्झप्रोबे’ म्हणतात. पियानोवर महिनोन्‌महिने ऐकलेलं गाणं व्हायोलिन आणि बॅन्जोतून अचानक अनोळखी वाटतं, प्रवेशाची जागा सापडत नाही. ते गोंधळ इथेच मिटवा. त्यानंतर संवाद गाळून फक्त प्रकाश, पडदे आणि नेपथ्यबदलाच्या जागा घेणारी तांत्रिक तालीम, मग रंगीत तालीम.

शेवटच्या नमनाचीही तालीम करा. त्याचं संगीत ठराविक लांबीचं असतं. कोणती रांग कितव्या मात्रेला पुढे येणार हे ठरलेलं नसेल तर संगीत संपतं आणि नायिका विंगेतच राहते. कोरसला सगळ्यात आधी पाठवा. आणि वादकांना सांगून ठेवा की पडदा पडला तरी उठायचं नाही. प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत वाजवायचं संगीत अजून बाकी असतं.