गिअर लिव्हरला ग्रीस लावताय? या चुका टाळा

पुण्यात संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरून स्वारगेट गाठेपर्यंत पहिला, दुसरा, परत पहिला हेच चालू असतं. अशात गिअरची दांडी जड झाली की रात्री डावा खांदा ठणकतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘थोडं ग्रीस मार.’ पहिली चूक इथेच होते.

आधी दोष शोधा. सपाट जागी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. (एखादा दातावर दात येऊन अडला तर गाडी जराशी ढकलून पुन्हा टाका.) बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि इंजिन चालू केलं की अडतात, म्हणजे क्लच पुरता सुटत नाहीये. तिथे लिव्हरला ग्रीस थापून काही होणार नाही. फक्त सकाळी गार गाडीत जड लागत असेल तर गिअर ऑइल तपासा. ते बदलताना मॅन्युअलमध्ये ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर जीएल-५ भरू नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खाऊ शकतात. दांडी कायमच चिकट वाटत असेल तरच लिव्हरकडे वळा.

दुसरी चूक माझ्याच गाडीत झाली. एका गॅरेजमध्ये चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस लिव्हरच्या बुडाशी असलेल्या, ज्यावर तो फिरतो त्या गोळ्याभोवती भरलं गेलं. धूळ बसून त्याची काळी लुगदी झाली आणि गिअर आधीपेक्षा जड. नायलॉनचे बुश (सांध्यातली छोटी नळकांडी) साधं लिथियम ग्रीस बहुतेक वेळा सोसतात, पण ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर ग्रीसमधल्या खनिज तेलाने फुगतं आणि काही प्लास्टिकला तडे जातात. कुठला भाग कशाचा आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ग्रीस घेताना ‘प्लास्टिक-रबराला चालणारं, सिंथेटिक, एनएलजीआय २’ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) असं स्पष्ट मागा आणि डब्यावर तसं लिहिलंय का ते वाचा. सिलिकॉन ग्रीस प्लास्टिक आणि रबराला उत्तम. मात्र लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते कमी पडतं.

डब्ल्यूडी-४० फवारून काम भागवणारे बरेच आहेत. दोन दिवस मऊ वाटतं, पण त्याने उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. तो स्प्रे ग्रीसची जागा घेऊ शकत नाही.

जुन्यावर नवं कधीच लावू नका, कारण दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतात. जुनं ग्रीस कोरड्या फडक्याने निपटून काढा. पेट्रोल किंवा थिनर प्लास्टिकजवळही नेऊ नका. मग मटाराच्या दाण्याएवढं ग्रीस गोळ्यावर आणि बुशवर पसरा, लिव्हर सगळ्या गिअरांत फिरवा, बाहेर आलेलं पुसा. लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलच्या आत ग्रीस भरायचं नाही. आतलं अस्तर मुळातच घसरतं असतं, ग्रीसने फक्त धूळ धरते.

आणि गिअरमध्ये असतानाही दांडी डावी-उजवीकडे लुळी पडत असेल तर बुश झिजलेत. ग्रीस राहू दे, बुश बदलून घ्या.