मृगाआधी मृगांसाठी: हरीणवाड्याला वैरण घालणाऱ्या गावांना सल्ला

वळवाचे दोन शिडकावे होऊन गेले. आज 10 मे. मृग लागतो 7-8 जूनला. घटसर्पाची (गुरांचा घसा सुजवून झटपट मारणारा रोग) लस टोचल्यावर ती अंगी लागायला दोन ते तीन आठवडे जातात. म्हणजे हातात सुट्टा असा एकच आठवडा आहे, आणि निम्म्या गावात अजून सुई फिरलेली नाही.

ज्या गावांतून प्राणिसंग्रहालयाला, हरीण उद्यानाला किंवा वन विभागाच्या प्रजनन केंद्राला मका, कडवळ, लसूणघास जातो, जिथली माणसं तिथं रोजंदारीवर शेण काढायला जातात, आणि ज्यांची गुरं कुंपणाला घासून चरतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आतल्या साहेबांना त्यांचे नियम पाठ आहेत. माझं बोलणं गोठ्याशी आहे.

जुलै 2025 मध्ये पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात 16 चितळं गेली. तपासणीत निघाली लाळ-खुरकूत. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावजवळ भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत 31 काळवीट मेले. तिथं निघाला घटसर्प. दोन्ही रोग तुमच्या-माझ्या गोठ्यातले, दोन्हींवर लस आहे. रोग तिथं कुठून शिरला याचा निवाडा मी इथं बसून करणार नाही. पण असे रोग आत शिरायच्या वाटा मला माहीत आहेत: वैरण, पाणी, बूट, गाडीची चाकं आणि कुंपणापलीकडची गुरं.

मग हरणांनाच का टोचत नाहीत, असं प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतंच. गाय दाव्याला बांधलेली असते, मान धरली की काम झालं. काळविटाला धरायला गेलात तर तो जीव खाऊन पळतो, जाळीवर आपटतो, अंग तापतं, आणि त्या धावपळीतच त्याचे स्नायू आतून मोडतात. काही तिथंच मरतात, काही दोन-तीन दिवसांनी. पशुवैद्यक दुरून बंदुकीनं सुई मारू शकतात, पण पन्नास-साठ जनावरांच्या कळपाला दरवर्षी ते करणं सोपं नाही. त्यामुळे हरणाची लस तुमच्या म्हशीच्या अंगात असते, असं मी सांगत फिरतो. लोक हसतात. हसू द्या.

जुन्या माणसांना बुळकांडी, गुरांची ती साथ, आठवत असेल. गावंच्या गावं गुरांविना झाली होती. रानातले गवेही तिनं मेले, 1968 च्या सुमारास बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात तर मोठ्या संख्येनं. ती बुळकांडी 2011 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. एकेका गव्याला धरून सुई मारत कोणी रानात फिरलं नव्हतं. गोठ्यातली गुरं टोचली आणि रानातला रोग आपोआप आटला. आपल्या गोंदियापासून फार लांब नसलेल्या कान्हात 1970 च्या आसपास बारासिंगे 66 वर आले होते. कारणं बरीच होती, पण गुरांकडून येणाऱ्या सांसर्गिक गर्भपाताकडंही तेव्हा बोट दाखवलं गेलं. कुंपणात सांभाळून, गुरं बाजूला करून ते पुन्हा वाढवले.

आता मी पाहिलेलं सांगतो, जागेचं नाव घेत नाही. एका हरीणवाड्याला रोज सकाळी टेम्पोभर मका जायचा. ज्या घरातून तो जायचा तिथल्या दोन गायी तीन दिवस लाळ गाळत होत्या, एकीच्या खुराच्या बेचक्यात फोड फुटलेले. कापलेल्या मक्याच्या पेंढ्या त्याच गोठ्याच्या दारात रचल्या जायच्या आणि गाय मान लांब करून वरच्या पेंढ्या चाटायची. मी म्हटलं, "अण्णा, हा चारा आज नका पाठवू." अण्णा म्हणाले, "गाडी नाही गेली तर बिल कापतात." गाडी गेली. वाड्याच्या फाटकात पाय बुडवायचा हौद होता, पण त्यात पावसाचं पाणी आणि वर तरंगणारी पिंपळाची पानं. ड्रायव्हर पायातल्या चपलेनिशी त्याला वळसा घालून आत गेला. पुढं काय झालं असेल, ते तुम्हाला कळतंच आहे. त्या गायींच्या कानात नोंदणीचे नंबरवाले बिल्ले होते, पण मागच्या फेरीला "दूध तुटतं" म्हणून लस टाळली होती.

तर लस. पुन्हा सांगतो, लस.

घटसर्प: मोठ्या जनावराला तुरटीवरची लस 5 मिली, कातडीखाली. दरवर्षी, पावसाआधी. तेलातली किंवा जोडलस असेल तर मात्रा वेगळी, बाटलीवरचं वाचा. म्हशी आधी टोचा, हा रोग म्हशीला फार लवकर धरतो.

लाळ-खुरकूत: गाय-म्हशीला 2 मिली, वर्षातून दोनदा, चार महिन्यांपुढच्या वासरांनाही. सरकारी मोहिमेत फुकट.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा सांसर्गिक रोग): शेळ्या-मेंढ्यांना 1 मिली कातडीखाली. एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. कुंपणाकडेला शेळ्या चारणाऱ्यांनी ही चुकवू नये, हरीणकुळातल्या जनावरांनाही पीपीआर होतो.

बाटली 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर फिरलेली लस म्हणजे पाणी. बर्फाचा डबा दिसला नाही तर टोचून घेऊ नका आणि तसं तोंडावर सांगा. दोन लसींत किती दिवस सोडायचे ते पशुवैद्यकाला विचारा, साधारण तीन आठवडे सोडतात. अगदी दिवस भरत आलेली गाभण असेल तर त्यांच्याच सल्ल्यानं थांबा, पण व्याल्यावर आठवणीनं टोचा. दूध दोन-चार दिवस कमी होतं हे खरं आहे. खुरकुतीनं मात्र आख्खं वेत जातं.

आणि एकट्यानं टोचून भागत नाही. वस्तीवर दहा गोठे असतील आणि आठांनीच टोचलं, तर उरलेल्या दोन गोठ्यांतून रोग फिरतो. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलं तरी लसीपुरतं बोला.

आता दुकानदाराचं. पाऊस आला की काउंटरवर रंगीत कॅन येतात. "व्हायरस मारणारं" फवारणीचं औषध, प्रतिकारशक्तीचं टॉनिक, यकृताचं सिरप. टॉनिकनं घटसर्प थांबलेला मी तरी पाहिला नाही. खुरकुतीच्या विषाणूला धुण्याचा सोडा पुरतो: 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम, म्हणजे 4 टक्के. किराणा दुकानात मिळतो. त्यानं हौद भरा, चाकं धुवा, पाट्या-विळे बुडवा. पण आधी चिखल-शेण खरवडून काढा, मगच पाय बुडवा. शेणाच्या थराखाली कसलंच औषध पोचत नाही, महागडं तर नाहीच. पाऊस पडला की हौदातलं पाणी ओतून नवं करा, वर पत्र्याचं छप्पर टाकलं तर उत्तम.

नेहमीची कामं, सगळ्यांना ठाऊक आहेत तरी:
– पावसाआधी जंताचं औषध, गोचीड-निर्मूलन
– पाण्याची टाकी आठवड्याला रिकामी करून चुना
– गव्हाणीतला उरलेला चारा रोज बाहेर
– डबकी मुरुमानं भरणं
– हरीणवाड्याचे बूट-कपडे तिथंच, घरी आणायचे नाहीत
– नवं जनावर किमान 30 दिवस वेगळं

शेवटची ओळ दोन्हीकडं लागू आहे, बाजारातून आणलेल्या तुमच्या बैलालाही.

एक माझा अंदाज, कुठल्या पत्रकात नाही. धो-धो पावसात घटसर्प तेवढा उठत नाही. पाऊस दोन-तीन दिवस उघडतो, ऊन पडतं, अंगाला चिकट उबारा येतो, तेव्हा उठतो. घटसर्पाचा जंतू पुष्कळदा धडधाकट जनावराच्या घशात गप्प बसलेला असतो. उपास, लांबचा प्रवास, हवामानाचा धक्का बसला की तो माजतो. कझाकस्तानच्या माळावर मे 2015 मध्ये सायगा नावाची सुमारे 2 लाख हरणं तीन आठवड्यांत मेली, ती याच जंतूनं, आणि तेव्हाही हवा नेहमीपेक्षा उबदार व दमट होती. म्हणून उघडिपीच्या त्या दिवसांत गाडी भरायच्या आधी गोठ्यात एक फेरी मारा. कोण रवंथ करत नाही, कुणाचा घसा सुजलाय, कोण घोरल्यासारखा श्वास घेतंय. ओला, वाफ धरलेला चारा त्या दिवसांत पाठवू नका. दिवसभर उन्हात पसरून मग भरा.

वाड्यात काम करणाऱ्यांनी सकाळी शेपट्या बघाव्यात. निरोगी चितळाची शेपटी सारखी हलते. कळपापासून बाजूला, कान पाडून, शेपटी न हलवता उभं राहिलेलं जनावर दिसलं की दुपारची वाट न बघता सांगा. घटसर्पात सकाळी आजारी दिसलेलं जनावर पुष्कळदा संध्याकाळपर्यंत जगत नाही. हरणात घशाची सूज दिसेलच असं नाही, पुष्कळदा थेट मेलेलंच सापडतं. खुरकुतीत पाडसं लंगडायच्या आधीच मरतात, हृदयावर घाव बसतो.

मेलेलं हरीण कुंपणाबाहेर सापडलं तर हात लावू नका, ओढू नका, कुत्री हाकला आणि वन विभागाच्या 1926 वर कळवा. आपल्या जनावरासाठी 1962. फाशी रोगाचीही (अँथ्रॅक्स) शक्यता असते, म्हणून कोणी चिरफाड करू नये. गोठ्यातला सांसर्गिक रोग कळवणं 2009 च्या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. तो लपवण्यात अब्रू वाचत नाही.

राहिला अण्णांचा प्रश्न, बिलाचा. तो खरा आहे. ठेका घेताना दोन ओळी लिहून घ्या: गोठ्यात रोग दिसल्याचं पुरवठादारानं स्वतः कळवलं तर त्या दिवसांचा दंड नाही, आणि तेवढे दिवस चारा दुसऱ्या ठरवलेल्या गावातून येईल. त्या दुसऱ्या गावाचं नाव आत्ताच, मे महिन्यातच लिहा, आणि तिथली गुरंही टोचलेली आहेत का ते कानातल्या बिल्ल्याचा नंबर सरकारी नोंदीत घालून तपासा.