गंजलेल्या बुलेटचं इंजिन चौकटीतून काढताना

गॅरेजात शिकायला आलेला नवा पोरगा पहिल्या आठवड्यात एकच चूक करतो. बोल्ट सुटला नाही की पान्याला पाइप लावतो आणि त्यावर उभा राहतो. मीही तेच केलं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला वस्तादांकडे होतो तेव्हा पाइप लावून ओढलं आणि बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. मग घाईघाईत लोखंडी हातोडीनं उरलेला बोल्ट ठोकायला गेलो तर क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचा, बोल्ट जातो तो कान तडकला. वस्ताद ओरडले नाहीत. केस घेऊन आर्गन वेल्डिंगवाल्याकडे गेले, भरून आणली, लेथवर भोक पुन्हा करून घेतलं आणि त्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मला जे कळलं ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

उदाहरण एका गाडीचंच घेऊ. देवगडजवळच्या एका वाडीतून जुनी ३५० सीसी बुलेट आली होती. वडील गेल्यापासून बारा-चौदा वर्षं खोपीत उभी, खाली कोंबड्या, वर गळकं छप्पर. किनाऱ्याजवळची गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा दुपटीनं वाईट असते असं मी धरूनच चालतो. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यातून आरपार जाणारे लांब बोल्ट पोलादी, आणि हवेत मीठ. दोन वेगळे धातू आणि खारा ओलावा एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खात जातं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती भुकटी बोल्टभोवती सिमेंटसारखी आवळून बसते. नुसता गंज तेलानं सुटतो. ही भुकटी तेलाला दाद देत नाही.

पान्याला हात लावायच्या आधी दोन कामं करा. आरसी बुक मागून चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळवा, दोन्हीचे फोटो काढा. गंज खरवडताना आकडे पुसट झाले तर पुढे मालकाला आरटीओत त्रास होतो. दुसरं, बोल्ट इंची आहेत का बघा. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे आटे भरपूर सापडतात. सायकल आट्यांचे बोल्ट तर एका इंचात २६ आट्यांचे, बारीक. तिथं मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतोय’ म्हणून लावला की नट घोळलाच. इंची रिंग पान्यांचा सेट घ्या. जुन्या बाजारात चांगला मिळतो.

आता जाम कुठे आहे ते शोधा. किक जात नाही म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरलाय, हे एक दुखणं. इंजिन चौकटीतून निघत नाही, हे दुसरं. देवगडच्या गाडीत दोन्ही होती. पिस्टन मोकळा असता तर हेड आणि सिलिंडर गाडीवरच उतरवून वजन कमी केलं असतं. पिस्टननंच सिलिंडर पकडून ठेवल्यामुळे ते जमेना, म्हणून सगळं इंजिन अख्खंच काढायचं ठरलं. प्लग काढून भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून ठेवलं. ते आतल्या आत मुरत राहिलं. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलून इंजिन फिरवायचा मोह होतो, तो टाळा. रिंगा मोडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टाकी, बॅटरी, कार्बोरेटर, सायलेन्सर, हेडजवळची पट्टी हे सगळं भराभर उतरतं. डाव्या बाजूला फूटरेस्ट काढला की प्रायमरी चेनकव्हर, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनवरचं झाकण, मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं, तो सोडा. आत अल्टरनेटर, क्लच आणि चेन. हे काढून आतली केस सोडवल्याशिवाय इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, कारण या गाडीत दोन्ही स्वतंत्र आहेत. केसचे स्क्रू वाकवलेल्या पत्र्यानं अडवलेले असतात. तो पत्रा आधी सरळ करा, नाहीतर स्क्रू का फिरत नाही म्हणून अर्धा दिवस डोकं खाजवाल.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नका. बुलेटच्या चौकटीला इंजिनाखाली नळी नाही. पुढची नळी येऊन इंजिनाच्या प्लेटांना मिळते आणि तिथून मागपर्यंत चौकटीचं काम इंजिनच करतं. त्यामुळे शेवटचा बोल्ट निघायच्या आधी चौकटीला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि इंजिनाखाली जॅक. जॅक अगदी टेकेल एवढाच. जास्त वर चढवलात तर बोल्टवर आडवा भार येतो आणि मोकळा झालेला बोल्टही अडकून बसतो. निम्मे बोल्ट नुसता जॅक सूतभर खाली-वर केल्यानं सुटतात.

मागच्या प्लेटांमधला लांब बोल्ट हीच आमची खरी परीक्षा होती. पहिल्या दिवशी दोन्ही टोकांना गिअर ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून सोडलं, संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच, आणि पितळी दांडी टेकवून टोकावर हलके टोले. नट पूर्ण काढला नाही, टोकाशी बरोबरीनं ठेवला, म्हणजे आटे फुलत नाहीत. तिसऱ्या दिवशी मिश्रण पुसून, वाळू देऊन, तासभर थांबून गॅसच्या टॉर्चची आच दिली. अ‍ॅसिटोन ओलं असताना आग जवळ नेऊ नका, हे हात जोडून सांगतो. आच बोल्टवर नाही, केसच्या कानावर. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठं होतं. पण लोखंडासारखं ते लाल होऊन सावध करत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि कान अचानक बसतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला, एवढी आच बस. मग तापलेल्या फटीला मेणबत्ती टेकवली. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आत ओढलं गेलं.

पुढचं काम नीट ऐकण्याचं. धरून बसलेल्या बोल्टवर टोला मारला की ‘ठण्ण’ असा कडक आवाज येतो आणि हातोडी उसळून परत येते. त्या दिवशी पंधरा-वीस टोल्यांनंतर आवाज एकदम ‘थप्’ झाला, हातोडी उसळली नाही. बघितलं तर नट प्लेटपासून किंचितसा सरकला होता. तिथं जोर वाढवायचा नाही. बोल्ट उलट बाजूनं परत आत ठोकला, तेल सोडलं, पुन्हा बाहेर. आत-बाहेर, आत-बाहेर. प्रत्येक खेपेला पांढरी-तांबडी भुकटी बाहेर येत होती. चौथ्या दिवशी दुपारी बोल्ट निघाला तेव्हा मधल्या भागात पेन्सिलीएवढा बारीक झाला होता.

एवढं करूनही हलला नाही तर प्लेट आणि केसच्या मधल्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून बोल्ट कापा. बोल्ट पुन्हा घडवता येतो, लेथवाला तासाभरात करून देतो. क्रँककेस तशी मिळत नाही.

पुढच्या नळीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, दोघांनी इंजिन धरलं, तिसऱ्यानं जॅक काढला, आणि ते तिरकं करून बाकावर आणलं. मालक बाजूलाच उभे होते. त्यांनी पुढे होऊन सिलिंडरच्या पाकळ्यांमधली कोंबड्यांची पिसं एकेक करून काढायला सुरुवात केली. आम्ही काही बोललो नाही, त्यांना जागा करून दिली आणि बोल्ट डब्यात भरून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवत बसलो.