अँटीव्हायरसमधल्या चुकीचा फायदा कोणी घेऊ नये म्हणून काय करावे

काँप्युटर सुरक्षित आहे ना, असं विचारलं की आपण कोपऱ्यातली अँटीव्हायरसची हिरवी खूण दाखवतो आणि मोकळे होतो. पण चूक त्या अँटीव्हायरसमध्येच असेल तर?

असं झालेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिफेंडर या विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटीव्हायरसमधली एक चूक दुरुस्त केली. सेंटिनेलवन या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ती सापडली तेव्हा ती बारा वर्षांची जुनी होती. हट्टी व्हायरसची फाइल काढायची असली की डिफेंडर बीटीआर नावाचा छोटा ड्रायव्हर (म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम) डिस्कवर उतरवतो आणि काम झालं की पुसून टाकतो. हा ड्रायव्हर आपल्या कामाची नोंद एका फाइलीत लिहायचा. ती खरोखर नोंदीचीच फाइल आहे, की तिच्या जागी दुसऱ्याच फाइलीकडे नेणारी लिंक कोणी ठेवली आहे, हे मात्र तो पाहायचा नाही. साध्या खात्यातल्या माणसाने तिथे लिंक पेरून ठेवली, की एरवी त्याला हातही लावता येणार नाही अशी फाइल हा ड्रायव्हरच खराब करून द्यायचा. ड्रायव्हर एरवी डिस्कवर नसायचाच, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या नजरेत आला नाही.

अशा चुकांना लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात, म्हणजे आत शिरलेल्याने आपला अधिकार वाढवून घेणं. आपल्याकडे त्याला जुना शब्दप्रयोग तयारच आहे : चंचुप्रवेशे मुसलप्रवेश. चोच आत घालायचं काम ईमेलमधली अटॅचमेंट किंवा फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर करतं, आणि मुसळ अँटीव्हायरसच्या अधिकारावर आत येतं. कारण फायली तपासायला त्याला सर्वोच्च अधिकार लागतात. (कुंपणच शेत खातं, असं म्हणायचा मोह होतो. पण इथे कुंपण प्रामाणिक आहे, फक्त एका जागी मोडलंय.)

पण एवढ्यावरून अँटीव्हायरस काढून टाकू नका. पुढची कामं करा, अर्ध्या तासात होतात.

१. रोजचं खातं साधं करा. विंडोज बसवताना तयार झालेलं पहिलं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं, आणि बहुतेक घरांत सगळे तेच वापरतात. अशा खात्यात घुसलेल्याला कसलीही चूक शोधावी लागत नाही. समोर आलेल्या चौकटीत आपण ‘येस’ दाबलं की झालं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन एक नवं खातं काढा. ‘चेंज अकाउंट टाइप’मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि पासवर्ड द्या. मग एकदा त्या नव्या खात्यात शिरून बघा. ते नीट उघडलं तरच तिथून आपलं जुनं खातं ‘स्टँडर्ड युजर’ करा. हा क्रम उलटा करू नका. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

२. इंजिनचा आकडा बघा. लोक गोंधळतात ते इथे. व्हायरसची यादी रोज ताजी होते म्हणजे सॉफ्टवेअरही ताजं आहे, असं नाही. यादी, इंजिन (फायली तपासणारा भाग) आणि मूळ प्रोग्रॅम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरच्यासारखी चूक यादीने बुजत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली डाव्या कोपऱ्यातल्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’वर जा. तिथे इंजिनचा आकडा वेगळा दिसेल. बीटीआरची चूक १.१.१७८००.५ या इंजिनमध्ये बुजली, त्यामुळे आज तुमचा आकडा त्याच्या बराच पुढे हवा. नसेल तर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधल्या ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधून अपडेट मागवा. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर त्याच्या ‘अबाउट’मध्ये हेच पाहा.

३. मुदत संपलेला अँटीव्हायरस काढा. दुकानातून लॅपटॉपबरोबर आलेला, तीन महिन्यांनी बंद पडलेला प्रोग्रॅम कित्येकांकडे तसाच पडून असतो. त्याचे ड्रायव्हर मागे राहू शकतात आणि ते दुरुस्त करायला कोणी येणार नसतं. नुसतं अनइन्स्टॉल न करता त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असेल तर ते चालवा.

४. मेमरी इंटेग्रिटी, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात परका कोड घुसू न देणारी सोय, चालू करा. अवास्ट या अँटीव्हायरसच्या रूटकिट (खोलवर लपून बसणारे व्हायरस) शोधणाऱ्या ड्रायव्हरमध्ये कित्येक वर्षं राहिलेल्या दोन चुका २०२२ मध्ये उजेडात आल्या. कंपनीने त्या बुजवल्या होत्या, तरी गुन्हेगारांनी त्याच ड्रायव्हरची जुनी प्रत सोबत नेऊन दुसऱ्यांच्या काँप्युटरवरचे अँटीव्हायरस बंद पाडायला वापरली. म्हणजे तुमच्याकडे अवास्ट कधीच नसला तरी त्याचा जुना ड्रायव्हर तुमच्यावर चालवला जाऊ शकतो. नवा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, म्हणून पहिलं काम इथेही उपयोगी पडतं. शिवाय विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन उघडा. तिथे मेमरी इंटेग्रिटी आणि सदोष ड्रायव्हरांची ब्लॉकलिस्ट, दोन्ही चालू हवेत. एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आडवा आला तर विंडोज त्याचं नाव सांगतं. आधी त्याची नवी आवृत्ती शोधा, लगेच हार मानू नका.

५. रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. अँटीव्हायरसचा नवा ड्रायव्हर आला असला तरी जुनाच कामावर राहू शकतो. रोज रात्री मन लावून शटडाउन करणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’च दाबा. आणि अपडेटनंतर अँटीव्हायरस ते मागत असेल, तर ‘नंतर’ म्हणू नका.