क्लॅरिनेटचा माउथपीस घासायला देताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की पेठांतली बँडवाली मुलं माउथपीस घेऊन येतात. "सर, फेसिंग करून द्या, आवाज मोकळा होईल." फेसिंग म्हणजे माउथपीसची रीड टेकते ती बाजू घासून तिचं वळण बदलणं. यातल्या बहुतेकांच्या माउथपीसला काहीही झालेलं नसतं. रीड, म्हणजे थरथरून सूर देणारी पातळ पट्टी, कडेला चिरलेली असते, ती आवळून धरणारं लिगेचर वाकडं बसवलेलं असतं, नाहीतर भोकं झाकणाऱ्या पॅडमधून हवा गळत असते. पावसाळ्यात रीड फुगते, तिचा सपाट भाग सपाट राहत नाही आणि दोष मात्र माउथपीसला मिळतो.

म्हणून आधी हे करा. रीड ओली करून लावा, माउथपीसचं खालचं भोक तळहाताने बंद करा आणि हवा ओढून घ्या. रीड क्षणभर चिकटून राहून टप्प आवाज करत सुटली, तर माउथपीसवर संशय घेऊ नका. मग क्लॅरिनेटचा वरचा जोड, म्हणजे वरचा तुकडा, सुटा करा, त्याची सगळी भोकं बोटांनी झाकून आणि खालचं तोंड बंद करून तशीच हवा ओढा. ती टिकली नाही, तर गळती तिथे आहे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घरी घासणं. भवानी पेठेतल्या एका मुलाने व्हिडिओ पाहून फरशीवर पॉलिश पेपर चिकटवला आणि त्यावर माउथपीस फिरवला. का, तर वरचे सूर चिरकत होते. माझ्याकडे आला तेव्हा मी तो काचेवर ठेवून फट मोजायच्या फीलर गेजची ०.०४ मिलिमीटरची पात आत सरकवली. डाव्या कडेला ती जिथे थांबली, त्याच्या तब्बल दोन मिलिमीटर पुढे उजव्या कडेला गेली. टोकाची बारीक पट्टी एका बाजूला जवळजवळ संपली होती. दोन्ही कडा जुळवायच्या तर आणखी घासावं लागणार, म्हणजे टोक आणखी उघडणार, टोक आणि रीड यांच्यातली फट वाढणार. जमेल तेवढं सावरलं, पण आवाजात फसफस राहिली ती राहिलीच. चिरकण्याचं मूळ कारण होतं वरच्या जोडाचं एक फाटलेलं पॅड.

माउथपीसचं घासलेलं रबर परत येत नाही. वँडोरेन कंपनीच्या बी४५ या माउथपीसचं टोक १.१९५ मिलिमीटर उघडं असतं, ५आरव्ही लायरचं १.०९५. फरक अवघा ०.१ मिलिमीटरचा, पण ओठांना तो पहिल्या फुंकरीला कळतो. आणि आपण फरशीवर अंदाजाने हात चालवायचा? ज्याला आठ दिवसांत सूर मोठा हवा असतो, तोच हे करतो. त्याने ते आठ दिवस लांब सुरांना द्यावेत.

कारागिराला नुसतं "चांगला करा" म्हणू नका. खालचे सूर जड जातात, की वरचे चिरकतात, की दम जास्त लागतो, ते सांगा. आधीची आणि नंतरची मापं लिहून मागा. मी वहीत लिहून ठेवल्याशिवाय काचेला हात लावत नाही.

एकुलता एक माउथपीस मिरवणुकीच्या तोंडावर देऊ नका.

एबोनाइट, म्हणजे माउथपीसचं कडक रबर, गरम पाण्याने धुऊ नका, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. ते वाकतं.

काम झाल्यावर जुन्या रीडवर निकाल देऊ नका, ती जुन्या वळणाला सरावलेली असते. तीन-चार नव्या रीड आणा. टोक जास्त उघडलं असेल तर अर्धा नंबर हलक्या, म्हणजे थोड्या मऊ, घ्या आणि निदान आठवडाभर वाजवा. त्यानंतरही अडलं, तर माउथपीस आणि त्याच रीड दोन्ही घेऊन कारागिराकडे जा.