कस्टम क्यूवर मोठी रक्कम घालण्याआधी या चुका टाळा

टेबलावरच्या पूल या खेळात चेंडू ज्या काठीने मारतात ती म्हणजे क्यू, आणि कारागिराकडून आपल्या मागणीनुसार बनवून घेतलेला तो कस्टम क्यू. एबनीच्या लाकडाचा बट (क्यूचा मागचा जाड भाग), त्यावर बारीक जडावकाम आणि पकडीवर घट्ट गुंडाळलेला लिननचा धागा असा हाताने घडवलेला क्यू पेटीतून बाहेर निघाला की टेबलाभोवतीचे सगळे तो हातात घेऊन पाहतात, आणि त्याने खेळ कितपत सुधारणार आहे हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. मी स्वतः एकदा असा क्यू बनवून घेतला, त्यासाठी बरेच महिने वाट पाहिली आणि पहिल्या काही आठवड्यांत पूर्वीपेक्षा वाईट खेळलो, तेव्हा खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्याच आहेत.

किंमत आणि फटका यांची गल्लत

कस्टम क्यूची किंमत प्रामुख्याने श्रमांची आणि नावाची असते. कारागीर लाकूड वर्षानुवर्षे मुरू देतो, लेथवर थोडे थोडे उतरवून मध्ये पुन्हा विश्रांती देतो, बटमधील टोकदार सांधे एकमेकांत बसवतो आणि नक्षीचा प्रत्येक तुकडा हाताने जुळवतो. हे सारे काम किमतीला न्याय देणारे आहे, परंतु त्यातील फारच थोडे चेंडूपर्यंत पोहोचते. टिप (क्यूच्या टोकावरची चामड्याची चकती) आणि क्यू बॉल (क्यूने मारायचा पांढरा चेंडू) यांचा स्पर्श साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. एवढ्या अवधीत आडवा धक्का शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या निमुळत्या पुढच्या भागाच्या, टोकाकडील काही इंचांपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे क्यू बॉल किती बाजूला सरकेल हे ठरते ते टिप, फेरूल (टिपखालची छोटी नळी) आणि शाफ्टचे टोक यांच्या वस्तुमानावरून. हाताला जाणवणारा ‘हिट’ खरा असतो, पण तो जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. जॉइंट (बट आणि शाफ्ट जोडणारा सांधा) स्टीलचा असावा की लाकडाचा यावर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते त्यातून निश्चित हाती लागते ते एवढेच, की स्टीलच्या जॉइंटने वजन थोडे पुढे सरकते.

या बाबतीत जॉर्ज बालाबुष्का यांचे उदाहरण बोलके आहे. 1975 मध्ये निधन झालेल्या या अमेरिकी कारागिराचे क्यू आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, पण त्यांच्या अनेक क्यूंचे बट ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या, कारखान्यात तयार झालेल्या क्यूंपासून घडवलेले होते. लाकूड आणि मूळचे सांधे कारखान्याचे असले तरी पुढची घडण, तोल आणि सफाई त्यांची होती, आणि ग्राहक मोल मोजतो ते त्या हाताचे.

दोष टिपचा, बोल क्यूला

नव्या क्यूने वारंवार मिसक्यू होऊ लागले, म्हणजे टिप चेंडूवरून घसरू लागली, की आपण आधी क्यूवर आणि मग स्वतःवर संशय घेतो. माझ्या बाबतीत दोष टिपचा निघाला. क्यू उजेडासमोर आडवा धरून पाहिला तेव्हा चामड्याची कड फेरूलच्या बाहेर छत्रीसारखी पसरलेली होती, मधला भाग जवळजवळ सपाट झाला होता आणि त्यावर काचेसारखी चकाकी आली होती, ज्यावर चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायचा खडू) फिरवला तरी टिकत नव्हता. कड बारीक सँडपेपरने फेरूलशी जुळवून घेतली, माथ्याला नाण्याच्या कडेइतका गोलावा दिला आणि पृष्ठभाग हलका खरवडला, तेव्हा दहा मिनिटांत तक्रार मिटली. एवढा महागडा क्यू, आणि त्याचे सगळे भवितव्य बोटाच्या पेराहून लहान अशा चामड्याच्या चकतीवर!

टिप नीट करूनही मिसक्यू होत असतील तर फटका कुठे बसतो ते पाहावे. पूलच्या चेंडूचा व्यास 57.15 मिलिमीटर असतो आणि त्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापलीकडे, म्हणजे सुमारे 14 मिलिमीटरपेक्षा दूर मारल्यास कोणतीही टिप घसरते. फटक्यानंतर क्यू बॉलवर उमटलेली चॉकची खूण पाहिली की आपला अंदाज किती चुकतो ते लगेच कळते.

लो-डिफ्लेक्शन शाफ्टकडून भलत्याच अपेक्षा

पुढचे टोक हलके असलेल्या शाफ्टने, मग तो पोकळ टोकाच्या मेपलचा असो वा कार्बन फायबरचा, साइड देऊन, म्हणजे चेंडूच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे, मारताना क्यू बॉल नेमाच्या रेषेपासून कमी सरकतो. त्याने फिरकी वाढते हा मात्र गैरसमज आहे, कारण फिरकी ठरते ती केंद्रापासून किती दूर मारले आणि किती वेगाने मारले यावरून. शिवाय जुन्या शाफ्टवर वर्षानुवर्षे साइड देणाऱ्या खेळाडूच्या डोळ्याने ती सरकण नेमात आधीच धरलेली असते. शाफ्ट बदलला की तीच सवय चुकीची ठरते आणि सोपे चेंडू पॉकेटच्या जबड्यावर आपटू लागतात. माझ्या त्या वाईट आठवड्यांतील उरलेला दोष हाच होता. तपासणी सोपी आहे: टेबलाच्या लांबीभर सरळ रेषेत एक चेंडू ठेवावा, क्यू त्या रेषेला समांतर धरून एकदा मध्यावर आणि एकदा पूर्ण साइडने मध्यम जोरात मारावे आणि क्यू बॉल किती हुकतो ते पाहावे. दोन्ही शाफ्टवर हा प्रयोग केल्याशिवाय नव्याची निंदा किंवा स्तुती करू नये.

आवड ठरण्याआधीच ऑर्डर देणे

कारागीर विचारतो ते प्रश्न वरवर साधे असतात. टिपचा व्यास 12 मिलिमीटरच्या आसपास हवा की 13, शाफ्ट हळूहळू जाड होत जाणारा हवा की टेबलावर टेकवलेल्या हातावरून सरकणारा भाग बऱ्याच अंतरापर्यंत एकसारखा, वजन 18 औंस की 20, आणि तोल पुढे की मागे? नियमांना त्यात फारशी हरकत नसते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत क्यूची लांबी किमान 40 इंच, वजन कमाल 25 औंस आणि टिपची रुंदी कमाल 14 मिलिमीटर असे बंधन आहे. अडचण ही की ज्याने दोन-तीन वेगवेगळ्या क्यूंवर महिनोन्‌महिने खेळून पाहिलेले नाही, त्याची उत्तरे ऐकीव असतात आणि ती पुढे लाकडात कायमची बसतात. वजन बटमधील बोल्ट बदलून कमी-जास्त करता येते, मात्र त्याने तोलही सरकतो, हे बहुतेकांना नंतर कळते.

म्हणून अशी खरेदी मला योग्य वाटते ती ज्याचा स्ट्रोक स्थिरावला आहे त्याच्यासाठी, तसेच ज्याची उंची किंवा हात कारखान्याच्या ठरलेल्या मापात बसत नाही अशा खेळाडूसाठी. त्याला पहिल्या शाफ्टशी तंतोतंत जुळणारा दुसरा शाफ्ट त्याच हाताने बनवून मिळतो, आणि हा फायदा नक्षीपेक्षा कितीतरी मोठा आहे. इतरांनी चांगला कारखानी बट, मनाजोगता शाफ्ट आणि जाणकाराने बसवलेली टिप यांवर खर्च केला तर खेळात काहीही कमी पडत नाही.

जुना कस्टम क्यू घेताना

क्यू जोडून टेबलावर लोळवला आणि टोक उड्या मारू लागले की लोक तो वाकडा ठरवतात, पण आधी दोन्ही भाग वेगळे करून लोळवावेत. दोन्ही सरळ लोळत असतील तर जॉइंटच्या तोंडावर कचरा किंवा चॉकची भुकटी साचलेली असण्याचा संभव असतो. फटक्यासरशी किणकिण ऐकू आली तर खालचा रबरी बंपर, वजनाचा बोल्ट आणि फेरूल या क्रमाने घट्ट आहेत का ते पाहावे. जुन्या क्यूंमध्ये फेरूल किंवा नक्षी हस्तिदंताची असू शकते. आफ्रिकी हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 मध्ये बंदीचा निर्णय झाला, त्यामुळे असा क्यू सीमेपलीकडे नेताना जप्त होऊ शकतो. साहित्य कोणते आहे हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर क्यू पुन्हा त्याच्या पेटीत ठेवून द्यावा.